लेखकाची कीर्द आणि खतावणी : कादंबरीच्या कामासाठी याद्या कशा ठेवाव्यात

सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करणाऱ्या जुन्या पेढ्यांवर हिशेबाच्या दोन वह्या असत. दिवसभरातील देवघेव ज्या क्रमाने होई त्याच क्रमाने ती रोजकीर्दीत उतरवली जाई आणि नंतर एकेक नोंद त्या त्या माणसाच्या किंवा मालाच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, चढवली जाई. कादंबरी, नाटक किंवा दीर्घकथा लिहायला घेतलेल्या व्यक्तीने आपल्या याद्यांसाठी हीच रीत स्वीकारावी, असे मी आग्रहाने सांगेन. सुचलेली गोष्ट टिपणे आणि तिची जागा ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच वेळी करू पाहणाऱ्याची यादी चार दिवसांत बंद पडते.

प्रथम कीर्द सुरू करावी. खिशात मावेल अशी एकच वही घ्यावी, रोज तारीख घालावी आणि सुचेल ते एका ओळीत एक या हिशेबाने लिहीत जावे. ‘पुराचे वर्णन’ अशी नोंद महिन्याभराने काहीच सांगत नाही. ‘आयर्विन पुलाजवळ पाणी पाहायला जमलेली माणसे, कोणीच बोलत नाही’ ही नोंद मात्र प्रसंग परत उभा करते. या वहीत वर्गवारी करू नये आणि खोडूही नये. डावीकडे फक्त एक अरुंद रकाना मोकळा सोडावा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, या नोंदी खतावणीत चढवाव्यात. त्यासाठी दुसरी, मोठी वही घेऊन तिच्यात चार खाती उघडावीत : माणसे, जागा, काळ आणि प्रश्न. नोंद ज्या पानावर गेली त्या पानाचा आकडा कीर्दीच्या रकान्यात लिहावा, म्हणजे काय चढवायचे राहिले ते नजर टाकताच कळते.

माणसांच्या खात्यात जन्मसाल, नाते आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारते एवढे पुरेसे आहे. हाकेची नोंद विशेष जपावी, कारण आईला ‘वहिनी’ म्हणणारा मुलगा पाच प्रकरणांनंतर तिला ‘आई’ म्हणू लागला, तर वाचकाला ते खटकते. जागांचे खाते याहूनही लहान असले तरी चालते.

काळाच्या खात्यावर मात्र वेळ घालवावा. त्यात तीन रकाने आखावेत : साल आणि महिना, जगात काय घडले, आणि आपल्या माणसांचे त्या वेळी वय काय होते व ती काय करत होती. कृष्णेचे मोठे पूर २००५ आणि २०१९ मध्ये आले. १९९६ साली जन्मलेला मुलगा पहिल्या पुरात नऊ वर्षांचा आणि दुसऱ्यात तेवीस वर्षांचा असणार. तो २०१९ मध्ये शाळेत दिसला, तर चूक या खात्यात लगेच उघडी पडते. माझ्या एका दीर्घकथेत ऑगस्टमधल्या पुराच्या वेळी अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि दोन प्रकरणे त्यावर उभी होती. हळद साधारण मे-जूनमध्ये लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी काढतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये नवे पीक शेतातच उभे असते; हे मला ठाऊक होते, तरीही महिन्यांचा रकाना भरेपर्यंत ते ध्यानात आले नाही. दोन्ही प्रकरणे नव्याने लिहावी लागली, आणि नव्या लेखनात त्या कुटुंबाची चिंता सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साठवलेल्या आदल्या हंगामाच्या हळदीकडे वळली. कथेला ते अधिक मानवले.

यातूनच पुढचे खाते भरते. २००५ च्या पुरात पेवांचे मोठे नुकसान झाले होते, तर २०१९ मध्ये हे कुटुंब अजून पेव वापरते की शीतगृहात माल ठेवते? पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कारण आतली हवा घातक असते. मग कथेत आधी कोण उतरतो? असे सारे प्रश्न पूर्ण वाक्यांत लिहून त्यांना क्रमांक द्यावेत आणि त्यांचे दोन गट करावेत. काही प्रश्नांची उत्तरे विचारून किंवा वाचून मिळतात, काहींची आपणच ठरवायची असतात. दुसऱ्या गटातले प्रश्न माहिती गोळा करण्याच्या नावाखाली टाळले जातात, म्हणून ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. लिहिताना प्रश्न आडवा आला तर हात थांबवू नये. खर्ड्यात त्याचा क्रमांक घालून पुढे जावे. उत्तर ठरले की तारखेसह शेजारी लिहावे, पण प्रश्न पुसू नये, कारण निर्णय पुन्हा बदलतात आणि तेव्हा जुने कारण पाहावे लागते.

प्रसंगांची यादी त्यानंतरच करावी. प्रत्येक प्रसंगाची एक चिठ्ठी करून तिच्यावर कोणाला काय हवे आहे आणि प्रसंग संपताना काय बदलले, एवढेच लिहावे व चिठ्ठ्या जमिनीवर पसरून क्रम लावून पाहावा. ज्या चिठ्ठीवर ‘काय बदलले’ हे लिहिता येत नाही, ती बाजूला ठेवावी.

खर्डा पूर्ण झाला की तो काहीही दुरुस्त न करता वाचावा आणि पान क्रमांकासह दोष टिपावेत. दुरुस्ती मोठ्या दोषांपासून सुरू करावी आणि शुद्धलेखन शेवटी पाहावे. घासूनपुसून घेतलेला परिच्छेद पुढे गाळावा लागला, तर ते श्रम वाया जातात.

काम संपल्यावरही कीर्दीतल्या काही ओळी कोणत्याच खात्यावर गेलेल्या नसतात. व्यापारी पाडव्याला नवी वही सुरू करताना जुनी शिल्लक पुढे ओढतात. तशाच या ओळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘मागील बाकी’ म्हणून उतरवून घ्याव्यात.