करवंदे पिकली, कुंपणाची तयारी आताच करा

मे सरता सरता डोंगरउतारावरची करवंदे काळी पडतात. बागेला सजीव कुंपण करायचे असेल तर कामाला लागायचे दिवस हेच. चर आता खणून ठेवावा आणि लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून ओल खाली उतरली की करावी.

‘सगळ्यांत लवकर काय वाढते?’ हे जो तो विचारतो. त्याआधी नेमके अडवायचे काय ते ठरवा: मोकाट गुरे, शेळ्या, माणसे की वारा? भराभर उंच जाणारे झाड बुंध्याशी उघडे राहते आणि शेळी तर गुडघ्याखालूनच शिरते. म्हणून माझा कल जोडकुंपणाकडे आहे. बाहेरच्या अंगाला करवंद आणि आतून दोन-अडीच फुटांवर गिरिपुष्प, म्हणजे छाटापासून लागणारे, लवकर वाढणारे ग्लिरिसिडियाचे झाड. करवंद पहिली दोन वर्षे रडतखडत वाढते, पण एकदा दाटले की त्या काट्यांतून जनावर जात नाही. शिवाय ते सदाहरित, मुरमाड जमिनीत तग धरणारे, वर फळे देणारे. ते तयार होईपर्यंत हद्द सांभाळायला आणि आडोसा करायला गिरिपुष्प हवे.

करवंदाचे बी साठवणीत टिकत नाही. पूर्ण पिकलेली काळी फळे कुस्करून बी पाण्यात चोळून धुवावे, सावलीत सुकवावे आणि आठवड्याच्या आत पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर पेरावे. ही रोपे पुढच्या पावसाळ्यासाठी. यंदाच लावायचे असेल तर रोपवाटिकेतून वर्षभराची रोपे आणावीत. मात्र ‘कोकण बोल्ड’सारखी फळांसाठीची कलमे कुंपणात घालवू नका, तिथे रानटी काटेरीच बरे.

एक एकराचा चौरस तुकडा धरला तर चारी बाजू मिळून साधारण ८३५ फूट होतात. दोन-दोन फुटांवर करवंदाची एक ओळ म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास रोपे. नागमोडी दोन ओळी केल्या तर दुप्पट. मर सांधायला दहा टक्के जास्तीची ठेवावीत. चर दीड फूट रुंद, दीड फूट खोल घेऊन त्यात वरची माती आणि कुजलेले शेणखत भरावे. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर आधी मोजणी करून घ्या आणि चर आपल्या बाजूला सरकवून घ्या. बांधावरून सुरू झालेली भांडणे कुंपणापेक्षा जास्त टिकतात.

गिरिपुष्पाला कोकणात उंदीरमारी म्हणतात. त्याच्या वर्षभराच्या पक्व फांद्यांचे तीन-साडेतीन फुटी छाट घ्यावेत, खालचा काप तिरका द्यावा आणि फूटभर पुरून माती घट्ट दाबावी. पाला आंब्या-काजूच्या आळ्यात अंथरला की उत्तम हिरवळीचे खत होते. शेळ्या मात्र तो आवडीने खातात, म्हणूनच त्याला आतली जागा.

गावापासून लांब, पडीक कडेला चिल्हार ही काटेरी वेल लावता येते. ती वेगाने पसरते, ओरबाडते आणि माणसालाही थारा देत नाही. पण ती आठ-दहा फूट जागा खाते, त्यामुळे लहान बागेत नको. विलायती चिंच दाट पेरून सतत छाटली तर चांगले काटेरी कुंपण होते. दोन वर्षे छाटणी चुकली की झाडे होऊन बसतात. घराभोवतीच्या परसबागेला कोयनेल किंवा मेंदी पुरे. कुंपणाला लावतात त्या शेर नावाच्या झुडपाचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, मुलाबाळांच्या वावरात तो टाळा.

केळीवाल्यांचे गणित वेगळे. त्यांना काटा नको, वारा मोडायला हवा. पश्चिम आणि दक्षिण बाजूला शेवरीच्या दोन दाट ओळी मृगबागेबरोबरच, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीबरोबरच, पेराव्यात. वारा थोडा गाळून जाऊ देणारी ओळ भिंतीसारख्या ओळीपेक्षा चांगली, कारण भिंतीवरून आलेला वारा पलीकडे भोवरे करून पाने फाडतो.

कुंपणच कीड पोसणार नाही ना, हे पाहायचे बहुतेक जण विसरतात. संत्रा-मोसंबीच्या बागेला कामिनीचे म्हणजे कुंतीचे कुंपण करू नये, कढीपत्त्याचेही नाही. संत्र्यावरची सायला ही रस शोषणारी कीड या दोन्हींवर वाढते. द्राक्षबागेशेजारी जास्वंद नको, तिच्यावर पिठ्या ढेकूण मुक्कामाला असतो. घाणेरी आणि वेडी बाभूळ कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. पसरल्यावर ती आवरत नाहीत.

रानडुकरांचा उपद्रव असलेल्या भागात नुसत्या सजीव कुंपणावर विसंबू नका. ते दाट होईपर्यंत तारेची जोड लागेलच, आणि माकडांना तर कुठलेच कुंपण अडवत नाही.

पहिली दोन वर्षे बाहेरून बोरी-बाभळीचे काटे लावून रोपे जपावीत आणि तण तीनदा तरी काढावे. रोप फूटभर झाले की शेंडा खुडावा. उंची हवी म्हणून इथे कोणाचा हात धजत नाही, पण बुंध्याशी फुटवे यायचे तर हाच उपाय आहे. पुढे दर अर्ध्या फुटाच्या वाढीनंतर पुन्हा छाटावे, खाली रुंद आणि वर निमुळते ठेवून, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळते. फळझाडांची पहिली ओळ कुंपणापासून निदान दहा-बारा फूट आत असावी, आणि मधून दोन फूट खोल चर काढून दरवर्षी घुसणारी मुळे तोडावीत.