माउस हलवला की अक्षरं तुटतात? फॉन्ट बदलू नका

फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीच्या जुन्या सिसकॉन्स कन्सोलवर (आदेश टाइप करायच्या, खिडक्या नसलेल्या पडद्यावर) स्पॅनिश मजकुरातल्या मोठ्या 'एन्ये'च्या (Ñ) जागी माउसच्या बाणाचा तुकडा दिसला, की बहुतेक जण फॉन्टची फाइल बदलत बसतात. फॉन्टचा काही दोष नसतो.

टेक्स्ट मोडमध्ये पडदा पिक्सेलचा नसून घरांचा असतो. प्रत्येक घरात २५६ अक्षरांपैकी एक. मग बाण घराघरातून उड्या न मारता सरकतो कसा? सिसकॉन्स फॉन्टमधली लागोपाठची चार अक्षरं उसनी घेतो, बाणाखालच्या चार घरांतली चित्रं त्यांत उतरवतो आणि वर बाण रेखतो. फार सुंदर युक्ती आहे ही! पण ती चार अक्षरं मुळात २०८ ते २११ क्रमांकांची. पश्चिम युरोपीय भाषांच्या आयएसओ ८८५९-१ या अक्षरसंचात २०९ वर नेमकं 'एन्ये' आहे, तर रशियनच्या केओआय८-आर संचात या चारही क्रमांकांवर रशियन अक्षरं.

आधी खात्री करा: कन्सोलची मांडणी बदलणारा व्हिडकंट्रोल हा आदेश 'व्हिडकंट्रोल -एम ऑफ' असा (एम लहान लिपीतला) देऊन बाण लपवा. अक्षरं सुधारली, तर कारण सापडलं. आता 'व्हिडकंट्रोल -एम ३' द्या, या वेळी एम मोठ्या लिपीतला. बाण ३ ते ६ या क्रमांकांवर जाईल, जिथे वाचायचं अक्षर नसतं. कायमसाठी आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये माउसचार_स्टार्ट=३ लिहा. आदेश अर्थातच रोमन लिपीत.

नव्या व्हीटी कन्सोलच्या ग्राफिक्स मोडमध्ये बाण पिक्सेलनेच काढला जातो, तिथे याची गरज नाही.