बाओफेंगची प्रोग्रामिंग केबल घरी जोडताना या चुका टाळा

बाओफेंगचा यूव्ही-५आर वॉकीटॉकी घेतला, लॅपटॉपवर चर्प (सेटमध्ये चॅनेल भरायचा प्रोग्राम) टाकलं, केबल लावली आणि पडद्यावर आलं ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’, म्हणजे सेटने उत्तरच दिलं नाही. इथे बरेच जण सेटच खराब निघाला असं धरून चालतात. सेट सहसा ठणठणीत असतो, दोष केबलमध्ये असतो. म्हणून आधी सेट बाजूला ठेवा आणि केबल एकटी तपासा.

सगळ्यात महागात पडते ती व्होल्टेजची चूक. जुन्या डेस्कटॉपच्या नऊ पिनांच्या पोर्टवर आरएस-२३२ चे सिग्नल असतात, म्हणजे अधिक-उणे ३ ते १५ व्होल्ट, शिवाय उलटे. वॉकीटॉकीच्या प्रोसेसरला ते सोसत नाहीत. तिथून थेट तारा ओढू नका, मध्ये व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स३२३२ सारखी चिप हवीच. त्यापेक्षा ३.३ व्होल्टवर चालणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल (यूएसबीतून असे कमी व्होल्टचे सिग्नल देणारी छोटी पट्टी) घेतलेलं बरं. त्यातून तीनच तारा घ्यायच्या: टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि ग्राउंड. ५ व्होल्टची पिन मोकळी सोडा, सेट स्वतःच्या बॅटरीवर चालतो.

जुन्या हेडसेटचा दोन पिनांचा प्लग कापून वापरणार असाल, तर तारांच्या रंगावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मल्टीमीटर बीपवर लावून कोणती तार प्लगच्या कोणत्या कड्याला जाते ते कागदावर लिहून काढा. मॉड्यूलचा टीएक्स सेटच्या आरएक्सला जायला हवा. प्लग घालताच सेटचा लाल दिवा लागला, तर पीटीटीची (बोलताना दाबायच्या बटणाची) लाईन ग्राउंडला टेकली आहे. लगेच काढा.

आता खरी परीक्षा. मॉड्यूलचे टीएक्स आणि आरएक्स एका तारेने जोडा, टर्मिनल प्रोग्राममध्ये तो कॉम पोर्ट उघडा आणि काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली, तर ड्रायव्हर, पोर्ट आणि चिप तिन्ही बरोबर आहेत. मग शोध फक्त प्लगपाशी.

काहीच उमटलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर पाहा. पिवळी खूण आणि ‘कोड १०’ दिसला, तर केबलमध्ये बहुधा पीएल२३०३ या यूएसबी चिपची नक्कल आहे. नवा ड्रायव्हर तिला नाकारतो, जुना टाकावा लागतो. लिनक्सवर आपलं नाव डायलआउट गटात (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) आहे ना, तेवढं बघा.

अगदी साधी चूक मात्र सगळ्यात जास्त घडते: प्लग पूर्ण आत जात नाही. प्लगचं प्लास्टिक सेटच्या कडेला अडतं आणि शेवटचा मिलीमीटर बाहेर राहतो. जोर लावून दाबा, नाहीच बसला तर ब्लेडने प्लास्टिकची कड तासा. सेट चालू हवा, आवाज मोठा, आणि चॅनेल असं निवडा की ज्यावर कुणी बोलत नाही.

संपर्क झाला की आधी सेटमधलं सगळं वाचून फाईल जपून ठेवा, मगच लिहायला घ्या. मित्राच्या सेटची फाईल जशीच्या तशी आपल्या सेटमध्ये ओतू नका. फर्मवेअर (सेटमधला मूळ प्रोग्राम) वेगळं असेल तर सेटिंग बिघडतं आणि तेव्हा ही मूळ फाईलच कामाला येते.