मुळा-कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग: तेच औषध परत परत का मारू नये

थंडी पडू लागली की मुंबईत रुळांलगतच्या मळ्यांत मुळा जोमाने वाढतो आणि गच्च्यांवर कोबी-फ्लॉवरची रोपं लागतात. मागोमाग हा पतंग येतो. त्याची दोन्ही टोकांना निमुळती हिरवी अळी पान खालून खरवडते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. हात लागताच वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते.

ही अळी ‘औषधाला सरावते’ असं सगळेच म्हणतात. एकटी अळी सरावत नाही. औषध पचवणारा अलील, म्हणजे जनुकाचं एक रूप, मोजक्या अळ्यांत आधीपासून असतो. फवारा बाकीच्यांना मारतो आणि पुढच्या पिढीला आईबाप म्हणून नेमक्या याच उरतात. जावा बेटावर १९५३ मध्ये डीडीटीला दाद न देणारा पतंग नोंदला गेला तो हाच.

हिशेब मांडून पाहा. या अलीलचं प्रमाण सुरुवातीला १ टक्का धरा. फवाऱ्यातून, आईकडून एक आणि बापाकडून एक अशा या अलीलच्या दोन प्रती असलेल्या सगळ्या अळ्या वाचतात, एक प्रत असलेल्या निम्म्या, एकही नसलेल्या दहात एक. दर पिढीवर तेच औषध मारलं तर प्रमाण ४.७, १८, ४३ आणि चौथ्या पिढीअखेर ६६ टक्के होतं. आपल्या हवेत पिढी साधारण दोन-तीन आठवड्यांची, म्हणजे एका हंगामातच खेळ आटोपला. निम्म्या अळ्यांना फवारा लागलाच नाही आणि पतंग आपसात मिसळले, तर चौथ्या पिढीअखेर प्रमाण जेमतेम ३.४ टक्के. आकडे मानलेले आहेत, पण औषधाचा मारा कमी केल्याचा फरक असाच पडतो.

निम्मा मळा अळीला कोण सोडणार? म्हणून मोहरी लावा. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी: एक लागवडीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतात. तिच्यावर रासायनिक फवारा मारू नका, न फवारलेला हिस्सा तोच.

कोबीवर रोपाला २ अळ्या दिसल्या की ५ टक्के निंबोळी अर्क घ्या: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळून पाणी १०० लिटर करा. गच्चीसाठी २ लिटरला १०० ग्रॅम पुरे. अळी लहान असतानाच बीटी पावडर (अळीला मारणाऱ्या जिवाणूची) संध्याकाळी फवारा, उन्हात ती लवकर निकामी होते. पण बीटीही दर आठवड्याला नको. तिलाही काही ठिकाणी या पतंगाने दाद दिलेली नाही.

रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर एका पिढीला एकच गट (औषध अळीला कसं मारतं त्यावरून दिलेला क्रमांक), पुढच्या पिढीला दुसरा. दुकानात बाटली बदलून मिळते, गट बदलतोच असं नाही: क्लोरँट्रानिलिप्रोल आणि सायअँट्रानिलिप्रोल दोन्ही गट २८ चेच. स्पिनोसॅड ५, एमामेक्टिन ६. लेबलवर आपल्या पिकाचं नाव आणि काढणीपूर्वीचे दिवस पाहा. मुळ्याचा पालाही लोक खातात.

फवारा फसला की आधी नळी तपासा. कोबीचं पान मेणचट, थेंब घरंगळतात. स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव्य, मिसळून पानाखालून फवारा. मात्रा कमी केली तर एक प्रतवाल्या जास्त वाचतात. मात्रा नीट, पानं भिजलेली, तरी अळ्या जिवंत असतील तर तोच गट लगेच परत मारू नका. काढणीनंतरचा पाला बांधावर टाकू नका, कोष त्यातच असतात.