चांगला मुसलमान म्हणून लोकांसमोर आदर्श ठेवायचाय? मग या चुका टाळा

आपल्याकडे एक गंमत आहे. कुणी दाढी ठेवली, चिल्ल्याला (तबलीगच्या चाळीस दिवसांच्या दौऱ्याला) जाऊन आला किंवा हज करून आला की दुसऱ्या दिवसापासून अख्खा मोहल्ला सुधारायचा ठेका त्याच्याकडेच आलाय असं वाटायला लागतं त्याला. नियत चांगली असते, वाद नाही. पण लोक आपलं बयान कमी ऐकतात आणि आपला व्यवहार जास्त बघतात, आणि नेमकी तिथेच गाडी घसरते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं सांगत सुटणं. हुदैबियाचा किस्सा बहुतेकांना माहितीये पण त्यातलं हे लक्षात राहत नाही. ६२८ साली पैगंबर (स.) साधारण चौदाशे साथीदार घेऊन उमऱ्याला (मक्केच्या छोट्या यात्रेला) निघाले, कुरैशांनी (तिथल्या सत्ताधारी टोळीने) मक्केच्या बाहेरच अडवलं, तह झाला आणि त्याच्या अटी सहाबांना (साथीदारांना) इतक्या झोंबल्या की कुर्बानी करा, डोकं मुंडवा असं तीनदा सांगूनही एकजण जागचा हलला नाही. सांगणारे कोण आणि ऐकणारे कोण, बघा! तेव्हा पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा (र.) म्हणाल्या, कुणाशी काही बोलू नका, बाहेर जा, आपलं जनावर कुर्बान करा आणि आपले केस काढून घ्या. पैगंबरांनी तसं केलं आणि सगळे पटापट उठले, एकमेकांचे केस काढायला लागले. आणि आपण काय करतो? पांघरुणात पडून मोबाईल बघत बघत पोराला पहाटेच्या नमाजसाठी ओरडतो, ‘फजरची वेळ झाली, ऊठ रे’. तो कशाला उठतोय.

आता धंदा. यावर जरा जास्त लिहितो कारण इथे आपण सगळ्यात जास्त उघडे पडतो. बाजारात धान्याचा ढीग होता, हुजूरांनी (पैगंबरांनी) त्यात हात घातला तर बोटं ओली झाली. मालक म्हणाला पाऊस लागला. मग ओला माल वर का नाही ठेवलास, लोकांना दिसला असता ना, असं विचारून म्हणाले, जो फसवतो तो आमच्यातला नाही. आता आपल्या कोकणातली आंब्याची पेटी उघडा. वरच्या थरात मोठी, केशरी झाक आलेली फळं देठ वर करून नीट मांडलेली, पेंढा थोडा बाजूला केला की खाली बारकी, आणि एखादं डाग पडलेलं. वर कर्नाटकचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून खपवायचा. कोकणच्या हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी हे काय थांबलेलं नाही, आणि हे सगळ्याच जातीधर्माचे व्यापारी करतात हेही खरं. पण गल्ल्याच्या वर आयतुल कुर्सीची (कुरआनातल्या आयतीची) फ्रेम लावून केलं की गिऱ्हाईक घरी जाऊन आंब्याला नाही, फ्रेमला नावं ठेवतं. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक सूरहच (अध्यायच) आहे, मुतफ्फिफीन, आणि सुरुवातच ‘वैल’ने, म्हणजे नाश असो त्यांचा.

उधारीचंही तेच. लोकांचे पैसे थकवून दुसऱ्यांदा उमऱ्याला जाणारे पाहिलेत मी, येताना खजूर आणि जमजम वाटतात, ज्याचे पैसे द्यायचेत त्यालाही वाटतात. कर्ज फेडायला मागे काहीच न ठेवता गेलेल्या माणसाचा जनाजा (अंत्यविधीची नमाज) पढायला हुजूर तयार नव्हते, साथीदार अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतलं तेव्हा पढले. एवढी सिरियस गोष्ट आहे ही.

जुम्म्याची (शुक्रवारच्या नमाजची) पार्किंग. खुतबा (प्रवचन) सुरू झालाय म्हणून गाडी मिळेल तिथे आडवी लावायची आणि आत जाऊन पहिली सफ (रांग) गाठायची, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, रिक्षात पेशंट असू शकतो. रस्त्यातली अडचण बाजूला करणं हा ईमानचा हिस्सा आहे असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे, आणि आपण अडचण करून नमाजला जातो. दहा मिनिटं लवकर निघा, नाहीतर चालत या. तसंच ऑफिसात, जुम्म्याला एक तास मागून दोन तासांनी उगवायचं आणि बिर्याणी खाऊन आल्याचं तोंडावर दिसतंय, मग पुढच्या नवीन पोराला सुट्टी मागताना साहेब तोंड वाकडं करणारच.

मशिदीत टोकणं हा तर काहीजणांचा छंदच आहे. नवीन पोरगा आला, हाफ बाह्यांचा टीशर्ट, टोपी नाही, लगेच एक चाचा सगळ्यांसमोर सुरू होतात आणि पोरगा परत दिसत नाही. मस्जिदे नबवीत (पैगंबरांच्या मशिदीत) एका खेडूताने चक्क लघवी केली होती, लोक धावून गेले तर हुजूरांनी त्यांनाच थांबवलं, त्याचं होऊ दिलं, मग बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि त्याला शांतपणे समजावलं. टीशर्ट तर काहीच नाही हो यापुढे. सांगायचंच असेल तर बाहेर चपला घालताना, एकट्याला, हसून सांगा.

व्हॉट्सअपवर हदीस फॉरवर्ड करताना थांबा जरा. ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा, हे किती ग्रुपवर फिरतं, पण मुहद्दिसीन (हदीसचे जाणकार) ते जईफ (कमकुवत) मानतात, काहीजण तर मनघडंत म्हणतात. ऐकलेलं सगळं सांगत सुटणं हेच माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, असं सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाच्या सुरुवातीलाच आलंय. बकरी ईदचे रक्ताचे फोटो स्टेटसला टाकणं पण बंद करा, आणि कातडी-आतडी नगरपालिकेच्या गाडीतच जाऊ द्या, शेजाऱ्याच्या नाकाखाली नाही.

आता काहीजण विचारतात, आम्ही नीट वागतो तरी लोक ‘तुमच्या लोकांनी बघा काय केलं’ म्हणून जाब विचारतात, काय करायचं? माझं मत, अख्ख्या कौमचं वकीलपत्र घेऊ नका. ‘ते चुकीचंच आहे, करणाऱ्याला शिक्षा व्हावी’ एवढं बोला आणि कामाला लागा, दोन तास वाद घालून कुणाचं मत बदललेलं मी तरी बघितलेलं नाही.

आणि बायका-पोरांवर घरात खेकसायचं, बाहेर मात्र गोड बोलायचं, हे असेल तर वरचं सगळं सोडा आणि आधी तिथून सुरू करा. घरात हुजूर काय करायचे असं विचारल्यावर त्यांच्या पत्नी आयशा (र.) यांनी सांगितलं होतं की घरच्यांच्या कामात असायचे, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडायचे. तेव्हा उद्या रमजानमध्ये इफ्तारला दस्तरखानवर बसून ‘सरबत कुठाय’ म्हणून हाक मारायच्या आधी किचनमध्ये जाऊन ग्लास धुवा, भजी तळायचं बाकी असेल तर तेही बघा, आणि त्याचा फोटो काढू नका.