डोळे तपासणीची तयारी (आणि टेप)

मागच्या वर्षी आमच्या मेडिकल इमेजिंगच्या फर्स्ट इयरच्या पोरापोरींची डोळे तपासणी मी घेतली आणि पार वाट लावली, म्हणून यंदा ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय त्याच्यासाठी लिहितोय. पेन, रजिस्टर, खुर्च्या, पाणी हे सांगत बसत नाही.

पहिली टेप. मोजायची टेप, मिस्त्रीकडं असती तसली. स्नेलनचा चार्ट (खाली खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता) ६ मीटरवरनं वाचायचा हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्क पण घेतलेत, पण टेप नव्हती म्हणून फरशा मोजल्या. एक फरशी दोन फुटाची धरली, दहा फरशा, झाले वीस फूट, ठेवा स्टूल. फरशी निघाली सोळा इंची. म्हणजे पोरं ४ मीटरवर बसून वाचायलेत, मी एकेकाच्या नावापुढं ६/६ (वरचा आकडा बसायचं अंतर, खालचा ती ओळ चांगल्या नजरेला जितक्या मीटरवरनं वाचता येते तो) लिहायलोय आणि मनात म्हणतोय काय नजर आहे राव कोल्हापूरच्या पोरांची, नाद खुळा. ४ मीटरवरनं सहाची ओळ वाचली तर ते ४/६, म्हणजे हिशेबानं ६/९. डोळ्याच्या डॉक्टर मॅडमनी रजिस्टर बघून एवढंच विचारलं, "अंतर कशानं मोजलंस रे?" चाळीस जणांचं परत करायला लागलं. तर टेप.

चार्ट झेरॉक्सवरचा असला तर तोही टेपनंच मोजा. सगळ्यात वरचं ६/६० चं अक्षर साधारण ८७ मिलिमीटर उंच पाहिजे, झेरॉक्सवाला पानात बसवायला म्हणून बारीक करून देतो आणि आपल्याला पत्ता नसतो. खोली छोटी असेल तर आरसा लावून ३ मीटरमध्ये भागतं, जाऊन-येऊन सहाच होतात, पण मग उलट्या अक्षरांचा चार्ट पाहिजे.

डोळा झाकायला ऑक्लूडर नसेल तर पुठ्ठा घ्या. बोटांनी झाकू देऊ नका, फटीतनं बघतात, नाहीतर डोळा दाबून धरतात आणि मग त्या डोळ्याची पाळी आली की अंधुक दिसतंय म्हणतात. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही, चष्म्याशिवाय आणि चष्म्यासकट. चष्मा घेऊन या हे आदल्या दिवशी ग्रुपवर दोनदा टाका, कागल-गडहिंग्लजवरनं एसटीनं येणारी पोरं चष्म्यासाठी परत घरी जाणार नाहीत. रांग चार्टच्या खोलीत उभी करू नका, पाचव्या पोराला ओळ तोंडपाठ झालेली असते, मग उलटीकडनं वाचायला लावा. पिनहोल (बारीक भोक असलेली पट्टी) जवळ ठेवा, त्यातनं स्पष्ट दिसलं तर बहुतेक नंबरचा प्रश्न, नाही दिसलं तर डॉक्टरकडं पाठवायचं, आपण तिथं शहाणपणा करायचा नाही.

रंगासाठी इशिहाराचं पुस्तकच (रंगीत ठिपक्यांत लपवलेले आकडे ओळखायचं) पाहिजे, मोबाईलवरचे फोटो चालत नाहीत, प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा. ७५ सेंटिमीटरवर धरायचं (टेप!), खिडकीच्या उजेडात, पण थेट ऊन नको, पिवळ्या बल्बखाली तर अजिबात नको. आपल्याकडं पावसाळ्यात दुपारी चारलाच दिवे लावायला लागतात, तेव्हा हे सकाळीच उरका. एका पानाला तीन सेकंद. पानांवर बोट फिरवू देऊ नका, रंग खराब होतात. पहिल्या पानावरचं १२ रंगांधळ्यालाही दिसतं, तेच कुणी चुकलं तर उजेड नाहीतर पोरगं, दोन्हीतलं एक तपासा. आणि पोरांमध्येच हे जास्त सापडतं, पोरींमध्ये क्वचित, पण निकाल वर्गात ओरडून सांगू नका. एकाला मित्रांनी दिवसभर सिग्नलवरनं चिडवलं, त्याला वाटलं ॲडमिशन गेली. अरे बाबा एक्स-रे, सीटी सगळं करड्यातच असतंय, सोनोग्राफीच्या डॉपलरमध्ये (रक्त वाहताना दाखवतं ते) लाल-निळं येतं तेवढं, आणि लाल-निळं ते बहुतेकांना वेगळं दिसतं.

करड्यावरनं आठवलं, काँट्रास्टचा, म्हणजे फिक्कट-गडद फरक ओळखायचा, पेली-रॉबसन चार्ट कुठनं मिळाला तर १ मीटरवरनं जरूर घ्या. ६/६ वाल्याचं पण काँट्रास्ट कमी असू शकतं, आणि या पोरांना पुढं दिवसभर फिक्कं करडं आणि त्याहून फिक्कं करडं वेगळं करायचंय. अंतर परत टेपनं, सांगायला नको.

जवळचं वाचन ४० सेंटिमीटरवर, एन६ ची (बारीक छापाची) ओळ, दोन मिनिटाचं काम. कॉन्टॅक्ट लेन्स आहे का विचारा. रजिस्टरात उजवा-डावा वेगळे कॉलम. पाठवायच्या पोरांची चिठ्ठी त्याच दिवशी द्या. चहा सांगून ठेवा.

टेप संध्याकाळी परत करायची आहे, ती मागच्या बिल्डिंगच्या कामावरच्या मामांची आहे.