माफक खर्चात, वर्षानुवर्षे टिकणारा घरचा डेस्कटॉप

मुलांचा अभ्यास, बँकेची कामे आणि आजीआजोबांचे व्हिडिओ कॉल एकाच यंत्रावर चालणार असतील, तर सुटे भाग जोडून केलेला डेस्कटॉप आजही किफायतशीर पडतो. मात्र खर्चाचा क्रम बहुतेक घरांत उलटा लागतो. प्रोसेसर (सारी आकडेमोड करणारी मुख्य चिप) पुढे बदलता येतो, रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) वाढवता येते. पण एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड (सारे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) आणि कॅबिनेट (बाहेरची पेटी) सहसा शेवटपर्यंत तेच राहतात. म्हणून हात आखडायचाच असेल, तर तो प्रोसेसरवर आखडावा, या तिघांवर नव्हे.

कॅबिनेटसोबत येणारा स्वस्त एसएमपीएस घेऊ नये. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचे मानांकन) दर्जाचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा होतो. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचे) तापमान १० अंशांनी कमी राहिले, तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. ठाण्यातील मे महिन्याचा उकाडा लक्षात घेता पुढे जाळी आणि धुता येणारा फिल्टर असलेले हवेशीर कॅबिनेटच निवडावे. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे अशा खाडीलगतच्या भागांत दमट हवेचा त्रास अधिक असल्याने कॅबिनेट जमिनीवर किंवा खिडकीखाली ठेवू नये आणि पावसाळ्यात यंत्र एक-दोन दिवसांआड तरी थोडा वेळ चालू करावे, म्हणजे आतील ओल टिकत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत हा दोष आढळतो आणि कोणताही यूपीएस (वीज गेल्यावर काही वेळ पुरवठा देणारा बॅटरीचा संच) तो झाकू शकत नाही. अर्थिंग ठीक असल्यास ६०० व्हीएचा यूपीएस, वीज गेल्यावर काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरता पुरतो.

२०१७ मध्ये एएमडी कंपनीच्या पहिल्या रायझेन प्रोसेसरांसह घेतलेल्या एएम४ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डावरील प्रोसेसरची बैठक) अनेक बोर्डांवर पुढे बायोस (बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून नंतरच्या ५००० मालिकेतील प्रोसेसरही चालले. तशीच पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय राहावी म्हणून नवे यंत्र २०२२ मध्ये आलेल्या, त्यानंतरच्या एएम५ सॉकेटवर उभारावे, असे माझे ठाम मत आहे. त्यावरील रायझेन ५ ७६०० हा सहा कोअरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर असून त्यात पडद्यापुरते ग्राफिक्स अंगभूत आहे. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते नसते, हे खरेदीच्या वेळी पाहावे. तेवढे बजेट नसेल, तर एएम४वरील रायझेन ५ ५६००जी उत्तम. मात्र त्याचे ग्राफिक्स रॅमवरच अवलंबून असल्याने ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीने लावाव्यात, आणि तो पीसीआयई (एसएसडीसारखे भाग जोडणारा वेगवान मार्ग) तिसऱ्या पिढीचाच असल्याने चौथ्या पिढीच्या महाग एसएसडीवर (फिरत्या तबकडीविना माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) जादा पैसे घालू नयेत. रॅम एकूण १६ जीबी आणि एनव्हीएमई (पीसीआयईवरून चालणारी) एसएसडी शक्यतो १ टीबीची असावी.

खरेदीसाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोडवरील संगणकांच्या बाजारात दोन-तीन दुकानांत भाव काढावेत. प्रत्येक भागाचा सिरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

जोडणी करताना प्रोसेसरच्या कोपऱ्यातील त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. एएम५मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोट लागू देऊ नये. खटका दाबताना मात्र थोडा जोर लागतो, त्याने घाबरू नये. चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातील प्रोसेसरची आठ पिनांची वीजजोडणी हमखास विसरली जाते. एएम५वर पहिल्यांदा बटण दाबल्यावर रॅमची जुळवणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी वीज तोडू नये.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने विंडोज ११ किंवा लिनक्स घालावे. दिवाळीच्या साफसफाईत पंख्याचे पाते बोटाने धरून धूळ उडवावी, आणि काही वर्षांनी घड्याळ वारंवार चुकू लागले, तर बोर्डावरील सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी बदलावी.